कूलर-पाय: हॉल जोडला आणि बेडरूमचा पंप थांबेना

नवतपा लागायच्या आत हॉलचा कूलरही पायवर (रास्पबेरी पाय, छोटा संगणक; पायथन कोडने पंप-पंखा चालवतो) घ्यायचा बेत होता. घेतला. त्या दुपारपासून बेडरूम गार पडली तरी तिथला पंप थांबेचना.

पहिला संशय वायरिंगवर. डीएचटी २२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर बदलला (दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारलं की हा रुसतो, हे आता पाठ झालंय), नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा रिलेही (पंप चालू-बंद करणारा स्विच) आणला. ढिम्म फरक नाही. शेवटी तापमानाच्या वाचनांची सरासरी काढणाऱ्या फंक्शनच्या आत प्रिंट टाकला, तर हॉलचे ४१-४२ अंश बेडरूमच्या यादीत बसलेले! दोन्ही कॉलमध्ये यादीचा आयडी एकच, म्हणजे दोन्ही खोल्यांना तीच यादी.

सगळी गोम डेफच्या ओळीत, म्हणजे फंक्शन जिथे लिहिलं जातं तिथे. तिथे वाचनांचं डिफॉल्ट (यादी दिली नाही तर घ्यायची ती) होतं रिकामी लिस्ट. पायथन डिफॉल्ट एकदाच बनवतो, डेफची ओळ चालते तेव्हा. पुढे प्रत्येक कॉलला तीच लिस्ट हातात देतो. जावास्क्रिप्ट दर कॉलला नवी काढतं, म्हणून तिकडून आलेले इथे हमखास अडकतात.

नेहमीचा उतारा केला: डिफॉल्ट नन (पायथनमधलं ‘काहीच नाही’), आणि आत नन असेल तर नवी लिस्ट. खोल्या वेगळ्या झाल्या, पण राजेहो, आता रिले टकटक वाजायला लागला! दर कॉलला कोरी लिस्ट, म्हणजे एकाच वाचनाची सरासरी; आकडा जरा हलला की रिले चालू-बंद. एका कूलरपुरती ती सामायिक लिस्टच मागची वाचनं जपून ठेवत होती. नन घातला आणि ती आठवणच गेली.

म्हणून फंक्शन सोडलं, प्रत्येक खोलीला डेटाक्लासचा ऑब्जेक्ट, आपापली वाचनं जपणारा. तिथे लिस्ट डिफॉल्ट दिली की पायथन व्हॅल्यूएरर देऊन क्लासच बनू देत नाही. डिफॉल्ट-फॅक्टरी द्यावी लागते, ती दर ऑब्जेक्टला नवी लिस्ट काढते. ही अडवणूक मला जाम आवडली. फंक्शनला का नाही ठेवली, कोण जाणे. तिथे आता रफ या कोड तपासणाऱ्या साधनाचा बी००६ नियम सुरू केलाय, तो अशी लिस्ट पकडतो.

पंख्याच्या वेगाला ‘ऑर ३’ (वेग दिला नसेल तर ३) होतं, तेही काढलं. ‘ऑर’ शून्यालाही ‘दिलं नाही’ समजतो, म्हणून शून्य दिला तरी पंखा तीनवर पळायचा. सरळ ‘इज नन’ लिहा.

पुढचा नंबर स्वयंपाकघराचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, खोलीचा ऑब्जेक्ट आहेच, तर आर्द्रतेची मर्यादाही त्यातच घालावी. पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा. स्वयंपाकघर थांबेल. तुम्ही पंप किती टक्क्यांवर तोडता?