पास्त्याचे पाणी राखावे, नूडल्सचे ओतून द्यावे

घरी पास्ता किंवा नूडल्स करायचे ठरले की चर्चा बहुधा सॉसची होते. तो बाटलीतला आणायचा की घरी करायचा, त्यात क्रीम घालायचे की नाही, वरून कोणते मसाले भुरभुरायचे, यावर घरात दोन पक्ष पडतात आणि ज्या पाण्यात हे पदार्थ शिजतात त्याकडे कोणी पाहतही नाही. माझ्या मते चव आणि वेळ या दोन्ही गोष्टी त्या पाण्यावरच ठरतात. पास्त्याचे पाणी राखायचे आणि परतायच्या नूडल्सचे पाणी ओतून द्यायचे, एवढा भेद पाळला तर बाकीची कृती पंधरा-वीस मिनिटांत उरकते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ओट्याजवळचा वेळ असा वाचणे ही चैन नसून गरज असते, आणि मी या पदार्थांकडे वळले ती मुख्यतः याच कारणाने.

आधी खरेदीविषयी. पास्त्याच्या पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची बाजू वाचावी आणि घटकांमध्ये ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे का ते पाहावे. ड्युरम हा कठीण दाण्याचा, पिवळसर गहू आहे; महाराष्ट्रात तो बन्सी किंवा बक्षी या नावांनी ओळखला जातो आणि शेजारच्या मध्य प्रदेशात, विशेषतः माळव्यात, त्याचे पीक घेतात. या गव्हातील प्रथिनांची जाळी घट्ट असल्यामुळे उकळत्या पाण्यातही पीठ आपला आकार सोडत नाही. मैद्याचा पास्ता मात्र दोन मिनिटे जास्त शिजला तरी कडा फुटून लगदा होतो. इटलीने १९६७ साली कायदा करून वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असे बंधन घातले, यावरून तिथले लोक या बाबतीत किती काटेकोर आहेत ते कळते. विदर्भाला हा प्रकार परका वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण उन्हाळ्यात काडीवर कणकेची तार गुंडाळून वाळवलेले आणि मग उकडून आमरसाबरोबर वाढलेले सरगुंडे याच कुळातले आहेत.

इटालियन घरांत शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ असे प्रमाण सांगतात. एका माणसाच्या पोटभर जेवणाला कोरडा पास्ता ऐंशी ते शंभर ग्रॅम पुरतो, म्हणजे चौघांसाठी चार लिटर पाणी उकळायचे. त्यात वेळ जातो, गॅस जळतो आणि स्वयंपाकघराची भट्टी होते. मॅकरोनी, पेने असे आखूड प्रकार असतील तर मी निम्मेच पाणी घेते, मीठही निम्मे करते आणि पहिली दोन मिनिटे झारा सतत फिरवते, कारण पास्ता एकमेकांना चिकटतो तो सुरुवातीलाच. कमी पाण्यात स्टार्च अधिक दाट उतरतो आणि सॉस मिळून येण्यासाठी नेमका तोच लागतो. वरणफळात कणकेची फळे वरणातच शिजतात, त्यांचे पीठ वरणात उतरते आणि वरणाला दाटपणा येतो. पास्त्याचे शास्त्र याहून वेगळे नाही.

उन्हाळ्यासाठी आणखी एक सोय आहे. पाणी खळखळून उकळल्यावर पास्ता टाकावा, तीन-चार मिनिटे उकळू द्यावा, मग घट्ट झाकण ठेवून गॅस बंद करावा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एखादे मिनिट जास्त झाकून ठेवावा. २०२१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी जॉर्जो पारिसी यांनी युरोपातील इंधनटंचाईच्या काळात, २०२२ मध्ये, गॅस लवकर बंद करण्याची ही सूचना लोकांपुढे मांडली, तेव्हा अशाने पास्ता रबरासारखा होईल असा आक्षेप इटलीतील एका नामवंत आचाऱ्याने घेतला होता. जाड बुडाचे पातेले आणि नीट बसणारे झाकण असेल तर आखूड पास्ता उत्तम होतो, असे माझे मत आहे. लांब स्पॅगेटीच्या बाबतीत मात्र त्या आचाऱ्याचे म्हणणे मला पटते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते आणि पाकिटावरची वेळ बहुतांशी लागू पडते. चिखलदऱ्याला सुट्टीत हाच पास्ता केला तर अकराशे मीटर उंचीवर पाणी ९६ अंशांच्या सुमारास उकळेल आणि मिनिट-दोन मिनिटे जास्त द्यावी लागतील.

आता माझ्या सर्वात आवडत्या पदार्थाविषयी सविस्तर लिहिते. लसूण, तेल आणि मिरची एवढ्यावर होणारी स्पॅगेटी मूळची नेपल्सकडची मानतात आणि तिला भाजी, चीज किंवा क्रीम यांपैकी काहीही लागत नाही. दोघांसाठी दोनशे ग्रॅम स्पॅगेटी उकळायला ठेवावी आणि शेजारच्या शेगडीवर पसरट कढईत चार मोठे चमचे तेल घेऊन, ते गार असतानाच त्यात सहा-सात पाकळ्यांचे पातळ काप टाकून मंद आच सुरू करावी. तेल तापवून मग लसूण टाकण्याची आपली फोडणीची सवय इथे आड येते, कारण त्यात काप बाहेरून करपतात आणि अर्क तेलात उतरत नाही. काप फिकट सोनेरी झाले की जाडसर कुटलेली लाल मिरची घालावी. आमच्याकडे ती जिल्ह्यातल्याच भिवापूरची असते, भौगोलिक मानांकन मिळालेली आणि रंगाने लालभडक. मिरची पडताच पळीभर पास्त्याचे पाणी ओतावे म्हणजे लसूण पुढे भाजत नाही. स्पॅगेटी पूर्ण शिजण्याच्या एक मिनिट आधी चिमट्याने उचलून थेट कढईत घ्यावी, आच वाढवावी आणि कढई हलवत राहावे. पाण्यातला स्टार्च तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतो, त्यामुळे तेल आणि पाणी वेगळे न राहता दुधाळ, दाटसर रस तयार होतो आणि प्रत्येक दोऱ्याला लपेटून बसतो. तेल तळाशी साचलेले दिसले तर आणखी थोडे पाणी घालावे, आणखी तेल घालू नये. ऑलिव्ह तेल नसेल तर घाण्याचे शेंगदाणा तेल वापरावे. चव निश्चित बदलते, पण वाईट होत नाही. शेवटी चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातल्यावर इटालियन माणसाला काय वाटेल याची काळजी मी करत नाही.

मुलांना पांढरा सॉस हवा असतो. लोणी, मैदा आणि दूध घोटत बसण्याऐवजी दोनशे ग्रॅम मॅकरोनी सुमारे चारशे मिलिलिटर पाण्यात, अगदी थोड्या मिठासह, पाणी जवळजवळ आटेपर्यंत शिजवावी, मग कपभर गरम दूध आणि चीजचे दोन-तीन चौकोनी तुकडे घालून ढवळावे. स्टार्च आधीच भांड्यात असल्याने मैद्याची गरज पडत नाही. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते फुटत नाही. एरवी नाके मुरडली जाणारे हे चीज या पदार्थाला महागड्या चीजपेक्षा अधिक साजते. दूध सुरुवातीलाच घातले तर तळाला लागते, म्हणून ते शेवटी. टोमॅटोचा सॉस मी फक्त हिवाळ्यात करते, कारण त्या दिवसांत गोकुळपेठेच्या बाजारात मिळणारे लाल, रसदार टोमॅटो किसून लसणीवर दहा मिनिटे आटवले की पुरते.

नूडल्सच्या बाबतीत सगळे उलटे आहे. आपण ज्यांना हाक्का नूडल्स म्हणतो ती परतण्याची पद्धत कोलकात्यातल्या हाक्का चिनी समाजाच्या स्वयंपाकातून भारतभर पसरली, आणि तिच्यात प्रत्येक नूडल सुटी राहणे हाच गुण मानतात. म्हणून नूडल्स थोड्या कच्च्या असतानाच चाळणीत ओताव्यात, वरचा स्टार्च निघून जाईल अशा गार पाण्याखाली धराव्यात, पूर्ण निथळू द्याव्यात आणि चमचाभर तेल चोळून पसरून ठेवाव्यात. पुढचे काम लोखंडी कढई आणि मोठ्या आचेचे. घरच्या शेगडीची आच ठेल्यावरच्या भट्टीइतकी नसते, त्यामुळे एका वेळी दोघांपुरतेच परतावे. कढई भरली की भाज्यांना पाणी सुटते आणि नूडल्स उकडल्यासारख्या लागतात. आधी लसूण आणि आले, मग गाजर, कोबी, ढोबळी मिरची, त्यानंतर नूडल्स. सोया सॉस कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडावा, म्हणजे तो किंचित करपून खमंग होतो. व्हिनेगर आच बंद केल्यावर.

झटपट नूडल्सच्या पाकिटाला कमी लेखण्याची पद्धत आहे, पण मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये काढलेली युक्ती मला चतुराईची वाटते. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे राहिलेल्या छिद्रांतून गरम पाणी पुन्हा भरभर आत शिरते. भारतात मॅगी १९८३ मध्ये आली. तळलेल्या असल्यामुळे या नूडल्समध्ये तेल आधीच असते, त्यामुळे वरून लोणी घालू नये. मसाला अर्धाच वापरून मटार आणि एक फेटलेले अंडे घालावे.

उरलेला पास्ता गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर दोन चमचे पाण्याचा हबका मारून गरम करावा, मायक्रोवेव्हमध्ये तो कडक होतो. उरलेल्या साध्या नूडल्ससाठी माझ्याकडे रविवारच्या पोह्यांवरची चण्याची तर्री शिल्लक असते. ती उकळून वाटीभर नूडल्सवर ओतावी, कच्चा कांदा आणि लिंबू घ्यावे. तर्री मात्र थोडी पातळ करावी, कारण नूडल्स ती पोह्यांपेक्षा जास्त पितात.