पहारेकरी गेला की

"दिवसभर तू त्या लॅबमध्ये करतेस तरी काय गं?" आत्याने चहाचा कप ठेवत विचारलं. मी तिच्या क्षयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या चाळत बसले होते. बेडाक्विलिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन. यातलं शेवटचं कुष्ठरोगावरही देतात. त्याने आत्याचा रंग तांबूस-काळपट झालाय. शेजारीण विचारते, उन्हात फिरतेस का.

तर, मी करते काय? क्षयाचा खरा जंतू मी हाताळत नाही. तो थाळीवर दिसायला तीन-चार आठवडे घेतो, आणि त्याच्यासाठी वेगळी, बंदिस्त लॅब लागते. माझ्याकडे त्याचा निरुपद्रवी चुलतभाऊ असतो, स्मेग्मॅटिस, तीन दिवसांत उगवणारा. त्याच्यात एथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य घालायचं. ते पेशीत शिरून डीएनएला चिकटलं की चमकतं, आणि यंत्र दर मिनिटाला ती चमक मोजतं. पहिल्यांदा रेषा जेमतेम चढली तेव्हा मला वाटलं, रंग घालायलाच विसरले! रंग घातला होता. जंतू तो आत येताच आपल्या पंपांनी बाहेर फेकत होता. मग हे पंप अडवणारं वेरापामिल टाकलं, आणि रेषा सरसर वर गेली.

"म्हणजे मोरी तुंबली की पाणी उपसतात, तसं?"

तसंच. फक्त हे पंप औषधासाठी बनलेले नाहीत, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते. क्षयाच्या जंतूत एमएमपीएल-५ नावाचा पंप आहे. त्याचं रोजचं काम म्हणजे लोह पकडणारे रेणू बाहेर पाठवणं. आपल्या शरीरात जंतूला लोह सहज मिळत नाही. त्या पंपाच्या जनुकावर आरव्ही०६७८ हे दुसरं प्रथिन पहारा देतं, पंप फार बनू देत नाही. त्या पहारेकऱ्याच्या जनुकात बिघाड झाला की पंप भराभर तयार होतात आणि बेडाक्विलिन बाहेर जाऊ लागतं. क्लोफाझिमिनही त्याच वाटेने. बिघाड एक, औषधं दोन निकामी! बरं, औषधाचं लक्ष्य, म्हणजे जंतूची ऊर्जा बनवणारी यंत्रणा, जशीच्या तशीच असते. काही जंतूंत पहारेकरीही बिघडलेला आणि पंपही मोडका सापडतो. तिथे औषध उलट चांगलं लागू पडतं.

आत्याला यातलं एकच पटलं नाही. "मी एक गोळी चुकवली नाही. तरी लोक म्हणतात, औषध अर्धवट सोडलं असेल." तिला मुळातच प्रतिरोधक, म्हणजे औषधांना दाद न देणारा, जंतू लागला असेल, हे मी आधीही सांगितलं होतं. आता एक भर घातली: आपल्या पांढऱ्या पेशीने जंतूला गिळलं की आतल्या त्रासाने त्याचे काही पंप आपोआप चालू होतात आणि तो औषध सोसू लागतो. त्यासाठी गोळी चुकवावी लागत नाही.

"मग ते वेरापामिल मला दे की. तुझ्या बाबांना बीपीसाठी देत होते तेच ना?"

तेच. उंदरांमध्ये त्याने उपचार लवकर परिणाम दाखवतात, हेही खरं. पण बेडाक्विलिनमुळे आत्याचा ईसीजी आधीच काढत राहावा लागतो, आणि वेरापामिल थेट हृदयाच्या ठोक्यांत हात घालतं, वर बेडाक्विलिनचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं. नाही म्हटलं.

तिने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. सोमवार होता, बेडाक्विलिनचा वार.