आमची वाटचाल : चैत्रगौरीच्या आराशीतून

इंदूरला आमच्या घरी चैत्रगौरीची आरास म्हणजे आंब्याची डाळ, पन्हं आणि पाच पायऱ्यांवर मांडलेल्या आजीच्या सावंतवाडीच्या लाकडी बाहुल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दर वर्षी विचारायच्या, "अशा आता कुठे मिळतात हो?" ते शोधायला आई आणि मी घराबाहेर पडलो. पारंपरिक बाहुल्या विकण्याचा आमचा व्यवसाय त्यातूनच उभा राहिला.

पहिली फेरी झाबुआची, साधारण दीडशे किलोमीटर. तिथे भिल्ल जोडप्याच्या बाहुल्या होतात. त्याच्या हाती तिरकामठा, तिच्या डोक्यावर टोपली. आत कापूस, अंगावर सुती कापड, गळ्यात मण्यांच्या माळा. सांगाडा मात्र तारेचा असतो. निव्वळ नैसर्गिक वस्तू जमवणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आम्ही आधी सांगतो, मग किंमत. काही जण परत जातात, जाऊ देत. २०२३ साली झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दाम्पत्याला याच कलेसाठी पद्मश्री मिळाली, त्या दिवशी आम्ही दुकानात पेढे वाटले.

मग मध्य प्रदेशातल्याच बुधनीला गेलो. तिथली खेळणी दुधीच्या लाकडाची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. पुढे कर्नाटकातल्या चन्नपट्टणला ‘आले मर’ आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाला ‘अंकुडु’ ऐकलं, तेव्हा कळलं की झाड एकच, आपला काळा कुडा. एटिकोप्पाकाचे कारागीर लाखेत हळद, नीळ, शेंदरीच्या बिया यांचे रंग मिसळतात. तिन्हीकडच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या की मला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. म्हणून त्यांचं कपाट वेगळं न करता एकच ठेवलंय.

सगळ्यात मोठा धडा मिळाला पहिल्या पावसाळ्यात. आंध्रातल्या कोंडापल्लीच्या बाहुल्या आणल्या होत्या. तेल्ल पोणिकी नावाच्या झाडाचं हलकं लाकूड, त्याचे भाग लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने जोडलेले. आम्ही त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून माळ्यावर ठेवल्या. श्रावणात उघडून पाहतो तो सांध्यासांध्यावर बुरशी. चिंचोक्याची खळ म्हणजे बुरशीला आयतं खाद्य, दमट हवेत तिथेच बुरशी आधी धरते. अकरा बाहुल्या गेल्या. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

तेव्हापासून माल जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळतो, कपड्याच्या बाहुल्यांशेजारी वेखंडाचे तुकडे ठेवतो आणि पावसाळ्यात नवी खरेदीच करत नाही. ऊन दाखवायचं तेही सावलीच्या कडेला, कारण वनस्पतींचे रंग कडक उन्हात विटतात. संग्रह करणाऱ्यांनाही हेच सांगते. प्रत्येक बाहुलीबरोबर चिठ्ठी जाते : गाव, लाकूड किंवा कापड, रंग कशाचा, आणि कारागिराची हरकत नसेल तर त्याचं नाव. एका व्यापाऱ्याने तैलरंगाच्या बाहुल्या वनस्पतिरंगाच्या म्हणून आमच्या गळ्यात मारल्या होत्या, तेव्हापासून थेट कारखान्यात बसून काम पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही.

दुरुस्ती आम्ही करत नाही, बाहुली तिच्या कारागिराकडेच पाठवतो. मागच्या वर्षी आईची लाडकी भिल्लीण फाटक्या लुगड्यानिशी झाबुआला गेली. महिन्याने परत आली ती नव्या लुगड्यात, डोक्यावर नवी टोपली. पैसे विचारायला फोन केला तर बाई म्हणाल्या, "माहेरी आलेल्या लेकीकडून कोणी पैसे घेतं का?"