मातीच्या घरात बंदुकीचं कपाट पक्कं करताना

वडिलांच्या पश्चात बारा बोअरची डबल बार (दुनळी) बंदूक वारस म्हणून माझ्या नावावर करून घेतली. अर्ज, पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, भावंडांची ना-हरकत ही कामं वेळ खातात, पण होतात. तोपर्यंत हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावं लागतं, तेही ठीक. अडलं ते फाईलवरच्या एका शेऱ्यापाशी: "शस्त्र ठेवण्याचे कपाट पक्के बसवलेले नाही."

शेरा बरोबर होता, हे आधीच सांगतो. घरात शाळकरी पोरं आहेत. पन्नास किलोचं कपाट दोन माणसं सहज उचलून नेतात, आणि अंगणात नेऊन पहारीने फोडायला कितीसा वेळ लागतो? राग येतो तो पुढच्या उत्तराचा. कशात पक्कं करू, असं विचारलं. भिंत मातीची, घर धाब्याचं. तर उत्तर मिळालं, "ते तुमचं तुम्ही बघा भाऊ, फोटो आणा." हमीच्या कागदावर सुरक्षित ठेवण्याची ओळ छापलेली असते, सही घेतली जाते, पण जाड पत्रा कोणता, बोल्ट कोणता, किल्ली कुणाकडे, यावर ना कागदात शब्द ना टेबलावर. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपड्यापासून शहादा-तळोद्यापर्यंत रानडुकरांपासून केळी-मका वाचवायला बंदूक ठेवणारी घरं आहेत, आणि त्यातली बरीच अजून पांढऱ्या मातीच्या भिंतींची आहेत. म्हणून जे कुणी सांगितलं नाही ते मापांसकट लिहितो.

आधी कपाट. बाजारात मिळणाऱ्या तिजोऱ्या दागिन्यांच्या मापाच्या, बुटक्या. तीस इंची नळीची डबल बार सबंध साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर भरते. कपड्याच्या लोखंडी कपाटात ती उभी मावते, पण त्याचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. मोठ्या पेचकसाने दाराचा कोपरा वाकतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावं: आतली उंची १३० सेंटिमीटर, रुंदी आणि खोली ३० सेंटिमीटर, पत्रा तीन मिलिमीटरचा. नुसता पत्राच चाळीस किलोच्या पुढे जातो. चौकट, कुलूप, आतला काडतुसांचा खण धरून पन्नासच्या आसपास.

कारागिराला तीन गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगितलेल्या राहतात. दार आणि चौकट यांतली फट दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बिजागऱ्या बाहेरून असतील तर त्यांची पिन ठोकून काढता येते आणि कुलूप शाबूत असतानाही दार निघतं. म्हणून बिजागरीच्या बाजूला दाराच्या आतून एक पट्टी वेल्ड करायला लावा, जी दार बंद होताना चौकटीमागे शिरते. तिसरं, तळाला चार भोकं पाडून आणू नका. ती बोल्ट बसल्यावर, त्यांच्या मापाने पाडायची.

आता बोल्ट. इथेच सगळं अडतं.

अँकर बोल्ट धरतो तो फुगून. नट आवळला की त्याची बाही पसरते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. काँक्रीटमध्ये तो दाब टिकतो. नऊ इंची भाजक्या विटेच्या भिंतीतही टिकतो, पण भोक विटेच्या मधोमध हवं, सांध्यात नको. साडेचार इंची आडभिंतीवर भरवसा ठेवू नये. मातीत मात्र बाही पसरली की माती भुगा होऊन मागे सरते, आणि बोल्ट हाताने ओढला तरी बाहेर येतो. गवंड्याने भिंतीवर एक टोला मारूनच सांगितलं होतं, "हाई भित माटीनी शे भाऊ, येमा बोल्ट टिकत नही." त्याचं एक वाक्य कार्यालयातल्या सगळ्या उत्तरांपेक्षा कामाचं होतं.

मातीच्या भिंतीत दोनच रस्ते उरतात. पहिला, भिंत आरपार भेदून बारा मिलिमीटरचा आट्यांचा रॉड घालायचा आणि बाहेरून सहा मिलिमीटर जाडीची, दीडशे बाय दीडशेची लोखंडी पाटी लावायची. भिंत दीड-दोन फुटांची असते, त्यामुळे रॉड तेवढा लांब लागतो. बाहेरचा नट वेल्ड करून टाकावा लागतो, नाहीतर पान्याने तो कुणीही सोडवेल. शिवाय पावसात त्या भोकातून पाणी उतरतं आणि आतली माती धुपते. तीन-चार पावसाळ्यांनी रॉड ढिला होणार, हे धरून चाला. त्यामुळे हा रस्ता मी सुचवत नाही.

दुसरा रस्ता जमिनीचा. घरातला आतला कोपरा निवडा, चुलीपासून आणि न्हाणीच्या ओलीपासून लांब. तिथे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ खोल खड्डा घ्या. खालच्या १५ सेंटिमीटरमध्ये मुरूम भरून, पाणी मारून ठोकून घट्ट करा. गाव काळ्या मातीवर असेल तर हा थर अजिबात सोडू नका: काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आक्रसते, आणि वरचा ठोकळा कलला की दार चौकटीला घासायला लागतं. दार घासायला लागलं की माणूस ते नुसतं लोटून ठेवतो. धोका तिथून सुरू होतो.

मुरुमावरच्या ३० सेंटिमीटरमध्ये काँक्रीट: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. या मापाला अर्धी गोणी सिमेंट पुरते. ठोकळा साधारण दीडशे किलोचा होतो, कपाटासकट दोनशे. ओतण्याआधी टोकाला वाकवलेले बारा मिलिमीटरचे चार बोल्ट, प्रत्येकी २५ सेंटिमीटरचे, प्लायवुडच्या तुकड्यात चार भोकं पाडून त्यात उभे अडकवा. वर पाच सेंटिमीटर आटे मोकळे राहू द्या आणि त्यांना ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर सिमेंट चिकटून नट चढत नाही. प्लायवुड जागेवर राहिलं तरच बोल्ट सरळ राहतात. काँक्रीट थरथरवताना ते हमखास सरकतात, म्हणून ओतून झाल्यावर पुन्हा माप घ्या. सात दिवस गोणपाट ओलं ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात जळगाव-भुसावळकडे सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, तेव्हा दिवसातून तीन वेळा. घाईने नट आवळले तर बोल्टाभोवती केसासारखी चीर जाते, आणि पकड कायमची गेली.

प्लायवुड उचलून ते कपाटाच्या तळावर ठेवा, भोकं खुणा करून पाडा, कपाट बोल्टांवर उतरवा, रुंद वॉशर घालून नट आतून आवळा. नट दाराच्या आत असल्यामुळे दार बंद असताना ते कुणाला दिसतही नाहीत. तपासणीला फोटो द्यायचे ते दोन: एक दार उघडं ठेवून तळाचे नट दिसतील असा, एक पूर्ण कपाट कोपऱ्यासह. सोबत कारागिराचं पत्र्याची जाडी लिहिलेलं बिल. माझी फाईल यावरच पुढे सरकली, आणि शेरा निघाल्याचं समाधान फार मोठं होतं. फक्त हे पहिल्या दिवशी एका छापील कागदावर देता आलं असतं.

परवान्याच्या अटी मोडल्या तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कपाट करायचं ते कलमासाठी नव्हे, पोरांसाठी. आणि पोरांच्या बाबतीत कपाटापेक्षा किल्ली जास्त महत्त्वाची.

लपवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे. देवघरातल्या फोटोमागे, चौकटीवर, ज्वारीच्या कोठीत, गादीखाली, आजीच्या पेटीत: या सगळ्या जागा घरातल्या पोरांना मोठ्यांपेक्षा आधी माहीत असतात. मोटारसायकलच्या जुडग्यात किल्ली अडकवली तर गाडी पुसायला गेलेल्या मुलाच्या हातात बंदुकीची किल्ली जाते. जुनी माणसं करदोड्याला किल्ली बांधायची, ती पद्धत आजही उत्तम आहे. दुसरी किल्ली बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. परवाना ज्याच्या नावावर, त्याच्याशिवाय घरात कुणाकडे किल्ली नको. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तर कायद्याने हत्यार बाळगताच येत नाही.

आकड्यांचं कुलूप घेणाऱ्यांनी हिशेब करावा. तीन आकड्यांच्या कुलपात हजार जोड्या. एका जोडीला तीन सेकंद धरले तर सगळ्या जोड्या पन्नास मिनिटांत संपतात, आणि सुट्टीतल्या मुलाकडे पन्नास मिनिटं असतातच. चार आकडे असतील तर आठ तासांच्या वर जातं. बॅटरीवरच्या स्वस्त डिजिटल तिजोऱ्यांत कारखान्यातला आकडा तसाच राहून गेलेला असतो, तो पहिल्या दिवशी बदला. अशा काही तिजोऱ्यांवर वरून जोरात बुक्का मारत मूठ फिरवली की आतला खटका उडून दार उघडतं. दुकानातच करून बघा, दुकानदाराला राग आला तरी चालेल.

कपाटात ठेवताना बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या खणात, वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीने. रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी दोन्ही नळ्यांत घालून चाचपायचंही, कारण संध्याकाळच्या अंधारात मळ्यातून आल्यावर डोळा फसतो. सेफ्टीचं बटण म्हणजे कुलूप नव्हे. ते बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवतं, आणि जुन्या बंदुकीला धक्का बसला तर आतला घोडा सुटू शकतो. लहान मूल बंदूक उलटी धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबू शकतं, तेव्हा चाप जड आहे या समजावर राहू नका.

डबल बारची एक सोय आहे. पुढचं लाकूड काढलं की नळ्या आणि दस्ता वेगळे होतात. नळ्या कपाटात, दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवला तर एक कुलूप तुटलं तरी हातात पूर्ण हत्यार येत नाही. अशी सुटी केलेली बंदूक पंचाऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या पेटीतही मावते, म्हणजे ज्यांच्याकडे उंच जागा नाही त्यांना छोटं कपाट पुरतं.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीत ती रिकामी आहे की भरलेली हे डोळ्यांनी दिसत नाही. तिचा गज (दारू ठासायची सळई) रिकाम्या नळीत शेवटपर्यंत सोडून तोंडापाशी खूण करून ठेवा. पुढे कधीही गज सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार, म्हणजे ठासलेली दारू, आहे. ठिणगी पाडणारी टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. बंदुकीची दारू घरातल्या वापराच्या डब्यात कधीही ठेवू नका.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, घर भाच्या-भाच्यांनी भरतं. आपल्या पोरांना नियम माहीत असतो, त्यांना नसतो. सगळ्यांना एकत्र बसवून तेवढंच सांगा: दिसली तरी हात लावायचा नाही, तिथून लगेच निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. दिवाळीतल्या टिकलीच्या बंदुकीमुळे पोरांना खऱ्या-खोट्यातला फरक कळत नाही, म्हणून हे दरवर्षी पुन्हा सांगावं लागतं. आणि हा नियम कुलपाला पर्याय नाही. पोरं ऐकतात तशी विसरतातही.

कपाटाच्या आत फेल्ट चिकटवू नका, ते ओल धरतं. रबराची पट्टी लावा. रेक्झिनच्या पिशवीत बंदूक घालून आत ठेवू नका. पावसाळ्यात त्या पिशवीत घाम सुटल्यासारखी ओल जमते आणि नळीवर लाल ठिपके येतात. निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळे करा. तेल फडक्याने पुसण्यापुरतंच. कपाट पत्र्याच्या छताखाली नको, काडतुसांना तो ताप सोसत नाही.

निवडणुकीच्या आधी हत्यार जमा करण्याचा आदेश आला की ठाण्यात रिकामी बंदूक घेऊन जा आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची संख्या व त्यांचा प्रकार, नळीची व लाकडाची स्थिती लिहून घ्या. परत घेताना तिथेच, सही करण्याआधी, नळी उघडून आत पाहा आणि काडतुसं मोजून घ्या.