पाचच्या आधी तो आत येऊ शकत नाही

तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या एका गल्लीत आमची बेकरी आहे. मी तिथे अर्धवेळ काम करते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. मी माझे तास पहाटेचे मागून घेतलेत.

मागच्या हिवाळ्यात तेन्चो-सान म्हणाले, उद्या दोन पाहुण्या येतील. तेन्चो म्हणजे दुकानाचे प्रमुख, आम्ही त्यांना नावाने हाक मारत नाही. येणार होत्या त्यांतल्या एक मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या चित्रकार आणि दुसऱ्या त्यांच्या संपादिका. शाळकरी मुलींच्या एका मासिकात नवी प्रेमकथा सुरू व्हायची होती. सोळा वर्षांची मुलगी, तिच्या आजोबांची बेकरी आणि तिथे कामाला लागलेला सतरा वर्षांचा मुलगा. मला रात्रभर नीट झोप लागली नाही. माझी लेक ही मासिकं उशाशी घेऊन झोपते आणि मीही ती वाचते, कारण त्यांत कांजीशेजारी, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्रलिपीच्या अक्षरांशेजारी, बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो. माझं निम्मं जपानी तिथूनच आलंय.

पहाटे चारच्या सुमाराला दोघी आल्या. केस टोपीत कोंबून, कोपरापर्यंत हात धुऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. चित्रकारबाईंना आम्ही सगळे सेन्सेई म्हणत होतो. त्यांची पेन्सिल थांबतच नव्हती. ओट्यावर अनपान, म्हणजे गोड सारण भरलेले गोल पाव, चालले होते. तेन्चो-सान प्रत्येक नव्या माणसाला सांगतात ते त्यांनाही सांगितलं: 1874 साली गिन्झातल्या किमुराया बेकरीने पहिला अनपान केला आणि 1875 च्या 4 एप्रिलला तो मेइजी सम्राटांपुढे ठेवला गेला, मधोमध खारवलेलं साकुराचं फूल दाबून. आमच्याकडेही त्या बेंबीत फूल असतंच.

अनपान भरायचं काम माझ्याकडे आहे. 40 ग्रॅम पीठ, 40 ग्रॅम अझुकीचं, म्हणजे बारीक लाल कडधान्याचं, गोड सारण. डाव्या तळव्यावर पिठाची चकती घ्यायची, चपट्या पट्टीने सारण दाबायचं, तळवा फिरवत कडा वर आणायच्या आणि चिमटीने तोंड मिटायचं. पुरणाचा उंडा भरलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. सेन्सेईंनी माझा डावा अंगठा चार बाजूंनी काढला. मग त्यांची नजर माझ्या मनगटाच्या वर गेली. तिथे भट्टीच्या कडेला हात लागून उमटलेल्या तपकिरी रेघा आहेत. आमच्याकडे सगळ्यांनाच आहेत. ‘या जातात का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जुन्या पुसट होतात तोवर नव्या येतात. त्यांनी कथेतल्या मुलीच्या चित्रावर त्याच जागी दोन रेघा ओढल्या.

जपानी बेकरीत पावाचे साचे भट्टीतून निघाल्याबरोबर ओट्यावर आपटतात. आतली वाफ बाहेर पडते, नाहीतर पावाच्या कडा आत बसतात. त्या आवाजाने संपादिका दचकल्या. सेन्सेई मात्र म्हणाल्या, पुन्हा आपटा. काळ्यापांढऱ्या पानावर पाव खरपूस झालाय हे दाखवायचं कसं, हा त्यांचा मोठा प्रश्न होता. सोनेरी रंग तर छापता येत नाही. तेन्चो-सानांनी एक गरम बॅगेट, म्हणजे लांबट फ्रेंच पाव, त्यांच्या कानाजवळ धरला. बाहेर आल्यावर पापुद्रा थंड होत आकसतो आणि बारीक बारीक तडकतो, चट्‌चट् आवाज येतो. डोळे जवळ नेले तर तडेही दिसतात. त्यांनी ते केसासारख्या रेघांनी काढले आणि शेजारी आवाजाची अक्षरं मांडली.

मग संपादिकेने पहिल्या भागाचं कच्चं रेखाटन बाहेर काढून दाखवलं. त्याला तिथे ‘नेम’ म्हणतात. साडेतीन वाजलेत, बेकरीत दोघंच आहेत आणि एकाच पिठात दोघांचे हात. तेन्चो-सानांनी चष्मा लावून पानं पाहिली.

‘या मुलाला पगार मिळतो?’

‘हो.’

‘मग साडेतीनला तो इथे कसा?’

जपानच्या कायद्याने 18 वर्षांखालच्या कामगाराला रात्री 10 ते पहाटे 5 कामाला लावता येत नाही. पाळ्या आलटून पालटून चालतात तिथे थोडी सूट आहे, पण आमच्यासारख्या दुकानाला नाही. घरची नात आजोबांना हातभार लावते ते वेगळं. संपादिकेचा चेहरा उतरला. मुलाचं वय वाढवायचं तर तो मुलीच्या वर्गात कसा राहणार? प्रसंगच काढून टाकावा, असं त्या म्हणू लागल्या.

सेन्सेई समोरच्या काचेच्या दाराकडे बघत होत्या. ‘पाचच्या आधी तो कुठे असेल?’

‘मनात असेल तर दाराबाहेर,’ तेन्चो-सान पीठ तोडता तोडता म्हणाले.

‘थंडीत? आजोबा आत घेणार नाहीत?’

‘मी नाही घेणार.’

सेन्सेईंनी तिथेच, पिठाच्या पोत्यावर वही ठेवून पानं नव्याने मांडायला घेतली. दुसऱ्या पानावरही तेन्चो-सानांनी बोट ठेवलं. भट्टीतून ट्रे काढताना मुलगा-मुलगी एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, असं ते चित्र होतं. तेव्हा कोणी कोणाकडे बघत नाही, ते म्हणाले. आणि घंटी वाजली म्हणून त्यांनी भट्टी उघडली, ट्रे ओढला आणि मागे वळून रॅकवर सरकवला. सेन्सेई माझ्याकडे वळल्या. ‘रॅक इथे नव्हता. तुम्ही केव्हा आणलात?’

मला आठवेना. घंटी वाजायच्या बेतात असली की माझा हात आपोआप रॅककडे जातो. तेन्चो-सानांनीही इतक्या दिवसांत कधी ते बोलून दाखवलेलं नाही.

‘हेच हवं होतं,’ सेन्सेई म्हणाल्या. ‘एक दिवस ती वळेल आणि रॅक तिथे असेल.’

मुलींच्या मासिकातली गोष्ट म्हटली की बरेच जण फुलं आणि चमकत्या डोळ्यांपलीकडे बघत नाहीत. मला त्याचा राग येतो. तेरा-चौदा वर्षांची मुलगी प्रेम म्हणजे काय हे पहिल्यांदा कुठेतरी वाचणार असते. तिथे काम खोटं काढलेलं असेल, तर त्यातल्या माणसांवर ती का विश्वास ठेवेल? कोणासाठी रॅक सरकवून ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती तिला या वयात दिसावी असं मला मनापासून वाटतं.

पहिला भाग छापून आला तेव्हा त्यात दाराबाहेरच्या मुलाची दोन पानं होती, संवाद एकही नाही. लेक चिडली. ‘आई, पाच म्हणजे पाचच? चार-पंचावन्नला घेतलं तर काय बिघडतं?’ मी तिला कायदा समजावून सांगितला. तिला आजोबा अजूनही आवडत नाहीत.

संपादिका आता तेन्चो-सानांना शंका कळवत असतात. परवाचा प्रश्न होता की नायिका डावखुरी आहे, तर सारणाची पट्टी कुठल्या हातात आणि चकती कुठल्या? विचार करून सांगतो, असं त्यांनी उत्तर दिलं आणि तेव्हापासून रोज पहाटे ते डाव्या हातात पट्टी धरून पाच-सहा अनपान भरून बघतायत. तोंड नीट मिटत नाही, सारण बाहेर येतं. फुटलेले आम्ही चहाबरोबर खातो. उत्तर अजून गेलेलं नाही.