जेलची कड

मायक्रोस्कोपच्या खोलीतला दिवा मालवला आणि अकरा नंबरच्या उंदराच्या मज्जारज्जूच्या कापाची स्लाइड लावली. हा उंदीर आठ आठवडे माझ्या हाताखाली होता. मज्जारज्जूला इजा झाली की सुरुवातीला त्याला स्वतःहून लघवी होत नाही. पोटावर हलकेच दाबून मूत्राशय रिकामं करावं लागतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. हाताला ओली ऊब लागली की जीव भांड्यात पडायचा.

मज्जारज्जूच्या जखमेत जेल भरून त्यातून तंतूंना पुन्हा वाढायला वाट द्यायची, हा आमचा प्रयोग. आधीची खेप फसली होती. ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, चिमट्यात धरता येईल इतकं घट्ट, आणि आम्हाला त्याचंच कौतुक. जखमेत गेल्यावर ते पाणी शोषून फुगलं. मणक्यांच्या हाडी नळीत फुगायला जागा कुठली? शाबूत राहिलेला भागही त्याने दाबला आणि उंदरांचे मागचे पाय आणखी लुळे पडले. फुगण्याची चाचणी मी मोकळ्या द्रावणात केली होती, आकडा चालण्याजोगा वाटला म्हणून पुढे गेले होते. ते मला अजून सलतं.

या वेळचं जेल सायीसारखं मऊ होतं. मज्जारज्जू स्वतःच तेवढा मऊ असतो, ताठरपणा एक किलोपास्कलच्या आसपास.

आधी लाल रंग पाहिला. अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधार पेशी जखमेभोवती जी भिंत उभारतात, ती या कडेला विरळ होती. मग हिरवा फिल्टर. चार-पाच बारीक रेघा. फोकस फिरवला, तर त्या कड ओलांडून आत शिरलेल्या, एकीला फाटा फुटलेला. अक्षतंतू, चेतापेशींचे लांब धागे! जेलच्या पोटात आधी काहीच नव्हतं, म्हणजे ते वाढूनच आले होते. तुटलेलेच पुन्हा वाढले, की शेजारच्या शाबूत तंतूंना धुमारे फुटले, हे मात्र या रंगावरून कळत नाही.

डेव्हिड आणि अग्वायो या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये दाखवलं होतं, की शरीरातल्या दुसऱ्या मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा जोडला तर मज्जारज्जूतले तंतू त्यातून सेंटिमीटरच्या हिशेबात वाढतात. अडतात ते पलीकडे उतरताना. मी स्लाइड सरकवत दुसऱ्या कडेला गेले. तिथे नुसता काळोख होता.

सरांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले.

“किती उंदरांत दिसलं?”

“आत्तापर्यंत या एकाच.”

“मग बाकीचे बघ. नंबर झाकून.”

मी उरलेल्या स्लाइडच्या नंबरांवर चिकटपट्ट्या लावायला घेतल्या.