बाबांचं पाऊल दोन फुटांचं

बाबा पहिल्यांदा इकडे, अमेरिकेत, आले तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी "दूध संपलंय, मी घेऊन येतो" म्हणून निघाले आणि दहा मिनिटांत हात हलवत परत आले. "पुढे रस्ताच नाही गं," म्हणाले. रस्ता होता, फुटपाथ संपला होता. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी नाव कोरलेला एक दगड आहे. तिथपर्यंत छान फुटपाथ, पुढे गवत आणि गवताच्या पलीकडे ताशी 45 मैलांनी, म्हणजे सत्तरेक किलोमीटरने, धावणाऱ्या गाड्या. दुकान आमच्या मागच्या कुंपणापासून तीनशे मीटरवर. रात्री त्याची पाटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. पण चालत जायचं तर सव्वादोन किलोमीटर.

बाबा बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. त्यामुळे नुसती चिडचिड करून ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक वही मागून घेतली.

आम्ही राहतो ते गाव इंडियानात, इंडियानापोलिसच्या उत्तरेला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे मक्याची आणि सोयाबीनची शेतं होती. मग एकेक शेत विकलं गेलं आणि प्रत्येक शेताची एकेक वसाहत झाली. शेताची हद्द तीच वसाहतीची हद्द. एका वसाहतीतून दुसरीत जायला वाट ठेवावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. आतल्या गल्ल्या वळणं घेत जातात आणि टोकाला गोल होऊन बंद होतात. याला इकडे कल-डी-सॅक म्हणतात आणि अशा टोकावरचं घर मिळालं तर लोक खूश होतात. परकी गाडी येत नाही, मुलं रस्त्यावर बास्केटबॉल खेळतात. त्या गोलापुरतं ते खरंही आहे. पण आतून कुठूनच कुठे जाता येत नसल्यामुळे शाळा, दुकान, दवाखाना, वाचनालय, सगळ्यासाठी गाडी काढून त्या एकाच मोठ्या रस्त्यावर यावं लागतं. मग तो तुंबतो. तुंबला की रुंद करतात, आणि रुंद झाला की ओलांडता येत नाही.

दुकान घराजवळ का नाही, यालाही कारण आहे. राहण्याच्या भागात फक्त घरं, दुकानं दुसरीकडे, असे पट्टे पाडण्याचा अधिकार गावांना आहे यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 मध्ये शिक्कामोर्तब केलं. ते प्रकरण ओहायोतल्या ज्या उपनगराचं होतं त्याचं नाव युक्लिड. म्हणून या पद्धतीला आजही 'युक्लिडियन झोनिंग' म्हणतात. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते. दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा हे शाळेत ज्याच्या नावाने शिकलो, त्याच्याच नावाच्या कायद्यामुळे तीनशे मीटरचे सव्वादोन किलोमीटर व्हावेत!

त्या मुक्कामात बाबांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो आमच्याजवळच्या मोठ्या चौकात. मी गाडीने सोडायचे, तासाभराने आणायला जायचे. शेजारणीने एकदा हळूच विचारलं, "तुझे वडील ठीक आहेत ना?" इकडे चौकात नुसता उभा राहिलेला माणूस म्हणजे एक तर गाडी बंद पडलेला किंवा काहीतरी बिनसलेला.

वहीत नोंद होती ती अशी: रुंदी पन्नास पावलं, पाऊल दोन फुटांचं, म्हणजे शंभर फूट. जाणाऱ्या तीन लेन, येणाऱ्या तीन, डावीकडे वळणारी एक, उजवीकडे वळणारी एक. प्रत्येक लेन बारा फुटांची. "हायवेची लेन आहे ही," बाबा म्हणाले. "वस्तीत बारा फूट दिले की माणूस आपोआप पाय दाबतो. बाजूला 45ची पाटी लावा नाहीतर 25ची."

चालणाऱ्यांच्या सिग्नलचा हिशोब इकडे साधारण असा बसवतात: माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असं धरायचं. पूर्वी चार फूट धरत, 2009च्या नियमावलीत साडेतीन केले. शंभर फुटांना 29 सेकंद उलटी मोजणी, त्याआधी चालत्या माणसाचं पांढरं चित्र सातेक सेकंद. एकूण 36. बाबांचा उजवा गुडघा दुखरा. त्यांचा वेग मी घड्याळ लावून मोजला, सेकंदाला अडीच फूट. चाळीस सेकंद लागतात. म्हणजे चित्र दिसल्या क्षणी निघाले तरी चार सेकंद कमीच पडतात आणि तेवढ्यात शेवटच्या लेनमध्ये हिरवा होऊ शकतो. वय झालेल्यांसाठी वेळ वाढवून देता येतो, नियमात तशी सोय आहे. कुणीतरी मागावी लागते. मागणार कोण? तिथे कुणी चालतच नाही. आणि कुणी चालत नाही म्हणून वेळ वाढवायचं कारण नाही.

शिवाय इकडे लाल सिग्नल असतानाही उजवीकडे वळायला परवानगी असते. सत्तरच्या दशकात तेलटंचाई आली तेव्हा पेट्रोल वाचावं म्हणून ही मुभा जवळजवळ देशभर पसरली. वळणारा ड्रायव्हर डावीकडून येणारी गाडी बघत हळूहळू पुढे सरकतो. उजवीकडून निघालेला म्हातारा त्याच्या नजरेतच नसतो. कोपऱ्याचा गोलावाही ट्रक वळेल इतका मोठा, त्यामुळे साधी गाडी जवळजवळ वेग कमी न करताच फिरते. बाबांनी तो गोलावा वहीत दोनदा काढला होता, आहे तसा आणि असायला हवा तसा.

वेगाबद्दल मात्र एक आकडा मला झोपेतही आठवतो. अमेरिकेतल्या एका जुन्या मोटार संघटनेच्या संशोधन संस्थेने 2011 मध्ये काढलेला. ताशी 23 मैलांनी गाडीने धडक दिली तर चालणारा दगावण्याची शक्यता सरासरी दहा टक्के, 32 मैलांना पंचवीस, 42ला पन्नास, 50ला पंचाहत्तर. आमच्या रस्त्यावर पाटी 45ची आणि गाड्या प्रत्यक्षात पन्नासने. देशभरात 2009 मध्ये रस्त्यावर 4,109 पादचारी मेले, 2022 मध्ये हाच आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. या देशाच्या श्रीमंतीच्या गप्पा आपण खूप ऐकतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सहा महिन्यांचा मुक्काम संपला, बाबा परत गेले. जाताना वही इथेच ठेवून गेले. त्यांना कदाचित वाटलं असेल मी काहीतरी करीन. मी काही केलं नाही. नोकरी, मुलाची शाळा, बर्फ. वही खणात.

मग चार वर्षांनी ते पुन्हा आले. एका शनिवारी आम्ही त्यांना शेजारच्या कार्मेलला घेऊन गेलो.

कार्मेल हेही उपनगरच. 1990 मध्ये लोकवस्ती पंचवीस हजारांच्या आसपास, 2020च्या जनगणनेत जवळजवळ एक लाख. म्हणजे वाढ आमच्यासारखीच, किंबहुना जास्त. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या स्वयंचलित सिग्नलांपैकी एक 1924 मध्ये याच गावात, मेन स्ट्रीट आणि रेंज लाइन रोडच्या चौकात, बसला होता. आणि आता याच गावाने सिग्नल उपटून दीडशेहून जास्त राउंडअबाउट, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालून जायचे चौक, बांधलेत. जिम ब्रेनार्ड नावाचे महापौर 1996 पासून 2023 संपेपर्यंत, सलग सात वेळा निवडून येऊन, हेच करत राहिले. विद्यार्थी असताना त्यांनी इंग्लंडमध्ये हे गोल पाहिले होते.

"रोटरी आहे ही," बाबा म्हणाले. त्यांच्या खात्यात रोटरीच म्हणायचे. मग गाडीतून उतरून दहा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "नाही. ही रोटरी नव्हे."

फरक असा. जुन्या रोटऱ्या भल्यामोठ्या, गाड्या आत वेगाने फिरायच्या आणि आत शिरणारा बेधडक घुसायचा. थोडी गर्दी झाली की सगळं वर्तुळ गच्च. इंग्लंडने 1966 मध्ये नियम केला की आत फिरणाऱ्याला आधी वाट द्यायची, शिरणाऱ्याने थांबायचं. एवढ्या एका नियमाने गोल लहान करता आला. लहान गोलात शिरायचं तर स्टिअरिंग वळवावंच लागतं, आणि वळवायचं तर वेग पंधरा-वीस मैलांवर आणावाच लागतो. पाटी वाचायची गरजच नाही, रस्ताच ड्रायव्हरचा कान धरतो. साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी छेदतात किंवा भिडतात, एका लेनच्या राउंडअबाउटमध्ये 8 ठिकाणी. समोरासमोर आणि काटकोनातली धडक जवळपास उरतच नाही. सिग्नलच्या जागी राउंडअबाउट केला की गंभीर अपघात 78 टक्क्यांनी कमी होतात, असं इथलं केंद्रीय महामार्ग खातं सांगतं.

पण बाबांना गाड्यांचं काय! ते ओलांडायची जागा शोधत होते. ती गोलापासून एक गाडीभर मागे होती. म्हणजे आधी पादचाऱ्यासाठी थांबायचं, मग पुढे सरकून गोलात शिरायची संधी बघायची, दोन कामं एकदम नाहीत. मधे छोटं बेट. बाबांनी पावलं मोजली: आठ, मग बेटावर उभं राहून उसासा, मग परत आठ. एका वेळी एकाच बाजूची गाडी बघायची. "शंभर फुटांचे सोळा-सोळा केले," म्हणाले. गुडघ्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

तिथून आम्ही मोनॉन ट्रेलवर गेलो. पूर्वी ही इंडियानापोलिसहून शिकागोला जाणारी रेल्वेलाइन होती. रूळ गेले, आता तिथे चालायची आणि सायकलची वाट आहे. कार्मेलच्या मध्यावर या वाटेच्या दोन्ही बाजूंनी अरुंद रस्ते, मधे बाकं, टेबल टेनिसची टेबलं, बाजूच्या इमारतींत खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. बाबा एका बाकावर बसून राहिले. एक बाई बाबागाडी ढकलत येऊन बसली, मग शाळकरी पोरं. बाबा म्हणाले, "इथे लोक कुठेतरी चाललेत." आमच्या वसाहतीत लोक फक्त व्यायामाला चालतात, हातात डंबेल घेऊन, आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. या सगळ्या बांधकामापायी कार्मेलच्या डोक्यावरचं कर्ज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आणि त्यावरून निवडणुकांत भरपूर वाजलं. त्या चालण्याजोग्या मधल्या भागात घर घ्यायची आमची ऐपत नाही, म्हणून तर आम्ही पलीकडच्या गावात. आणि दोन लेनचा राउंडअबाउट ही निराळीच चीज. जवळच्या लेनमधला थांबून हात करतो, आपण निघतो, आणि त्याच्या आडून दुसऱ्या लेनमधली गाडी येते. दृष्टिहीन माणसाचे तर हालच. तो कानाने चौक वाचतो, गाड्या थांबल्या की आपली पाळी हे त्याला सिग्नलच्या चौकात कळतं. गोलात गाड्यांचा आवाज कधी थांबतच नाही.

आता आमच्या गावाचं. त्याच मोठ्या चौकाच्या जागी राउंडअबाउट करायचा प्रस्ताव आला आणि बाबा इथे असतानाच जनसुनावणी लागली. प्रत्येकाला तीन मिनिटं. गोलाला विरोध झाला तो ठरलेलाच, "लोकांना जमणार नाही." पण मला धक्का बसला तो फुटपाथच्या विरोधाने! चौकापासून दुकानापर्यंत फुटपाथ जोडायचा होता. एक गृहस्थ उठून म्हणाले, आमच्या दारात फुटपाथ नको, हिवाळ्यात त्यावरचा बर्फ आम्हाला काढावा लागेल आणि कुणी घसरून पडला तर आमच्यावर दावा लावेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाई म्हणाल्या, फुटपाथ झाला की नको ते लोक चालत येतील. बाबांनी मला कोपर मारून विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "बर्फाबद्दल बोलतायत."

माझी पाळी आली. वही नेली होती. पन्नास पावलं, शंभर फूट, छत्तीस सेकंद, चाळीस सेकंद, एवढंच वाचलं. दीड मिनिटात संपलं. टाळ्या नाहीत. समितीतल्या एकाने विचारलं, हे कुणी मोजलं? मी बाबांकडे बोट दाखवलं. ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि बसले.

गोल होणार आहे. फुटपाथ "पुढच्या टप्प्यात". आराखड्यात गोल दोन लेनचा आहे, का तर वीस वर्षांनी वाहतूक वाढेल. लेखी सूचना द्यायला महिनाअखेरीची मुदत आहे. बाबांनी काल रात्री जेवणाच्या टेबलावर दोन पानं लिहून काढली, मराठीत. सध्या एकच लेन बांधा, दुसरीची जागा गवत लावून राखून ठेवा, लागलीच तर वीस वर्षांनी करा. ओलांडायची जागा रस्त्यापेक्षा चार इंच उंच उचला. सोबत पेन्सिलने काढलेला नकाशा, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. सुरुवातीला 'विषय', खाली 'संदर्भ', आणि शेवटी सहीच्या वर 'माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर'.

मी इंग्रजीत टाइप करायला बसलेय. बाकी सगळं झालं, ती शेवटची ओळ अडलीये. बाबा म्हणतात, ती गाळायची नाही.